लँडलाइनचा कॉल रेकॉर्डर संगणकाला जोडताना

दूरध्वनीवरून ग्राहकाची शेअर-खरेदीची किंवा विक्रीची सूचना घेणाऱ्या दलालाला त्या सूचनेचा पुरावा जपून ठेवावा लागतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०१७मध्ये आणि त्यानंतर २२ मार्च २०१८ रोजी काढलेल्या परिपत्रकांनुसार फोनवर आलेली सूचना ध्वनिमुद्रित करणे दलालांना बंधनकारक आहे. उद्या ग्राहकाने ‘मी असे सांगितलेच नव्हते’ असा वाद उपस्थित केला, तर सूचना मिळाली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी दलालावरच येते. हा पुरावा किमान तीन वर्षे, आणि वाद सुरू असेल तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत, जपायचा असतो. सांगलीत माझ्या एका स्नेह्यांचे असे छोटे कार्यालय आहे. दोन लँडलाइन, त्यांच्यामागे एक लहान ईपीएबीएक्स (कार्यालयातील फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारे यंत्र) आणि टेबलांवर चार-पाच फोन अशी तेथील व्यवस्था आहे. त्यांच्यासाठी यूएसबीने संगणकाला जोडायचा दोन वाहिन्यांचा, म्हणजे एकाच वेळी दोन लाइन मुद्रित करणारा, रेकॉर्डर मी नुकताच बसवून दिला. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत ड्रायव्हर कसा बसवावा हे चित्रांसह दिले आहे, परंतु ज्या निर्णयांवर ध्वनिमुद्रणाचे मोल ठरते त्यांच्याविषयी तिच्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी या कामाकडे पाहण्याची दृष्टी अशी आहे की, रेकॉर्डरची प्रत्येक मांडणी (सेटिंग) आजच्या सोयीकडे पाहून न करता तीन वर्षांनंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांकडे पाहून करावी. कोण बोलले, नेमके केव्हा बोलले, आणि ऐकवले जात आहे ते संभाषण अथपासून इतिपर्यंत पूर्ण आहे का, हे ते तीन प्रश्न होत. एखादी मांडणी यांपैकी एकाही प्रश्नाच्या उत्तराला मदत करीत नसेल, तर तिच्यावर फार वेळ घालवू नये.

पहिला निर्णय रेकॉर्डर कोठे जोडायचा हा असतो. ईपीएबीएक्स असलेल्या कार्यालयात दोन जागा संभवतात. टेलिफोन एक्सचेंजकडून आलेली तार ईपीएबीएक्सला मिळण्यापूर्वीची ती एक, आणि ईपीएबीएक्समधून प्रत्येक टेबलाकडे जाणाऱ्या तारेवरची ती दुसरी. पहिल्या जागी जोडल्यास बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे सर्व कॉल पकडले जातात, येणाऱ्याचा क्रमांक मिळतो, आणि कर्मचाऱ्यांचे आपसांतील बोलणे मुद्रित होत नाही. उणीव एवढीच की कॉल कोणत्या टेबलावर घेतला गेला हे यंत्राला कळत नाही. दुसऱ्या जागी ते कळते, परंतु चहा सांगितल्याचेही मुद्रण होते आणि वाहिन्या अधिक लागतात. मी पहिली जागा निवडली. कर्मचाऱ्याने फोन उचलताच स्वतःचे नाव सांगावे असा नियम कार्यालयाने केला, त्यामुळे उरलेली उणीवही भरून निघाली.

ईपीएबीएक्स आणि त्याचे फोन संख्यात्मक म्हणजे डिजिटल पद्धतीचे असतील, तर त्या टेबलांकडच्या तारांवर साधा रेकॉर्डर चालतच नाही, कारण त्या तारेवर आवाज नसून आकड्यांचा प्रवाह असतो. अशा वेळी फोनचा संच आणि हातातला रिसीव्हर यांना जोडणाऱ्या वेटोळ्या वायरीवर बसणारे वेगळे जोडणी-उपकरण घ्यावे लागते.

तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँडही असेल, तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. भिंतीवरच्या रोझेटपासून (लाइनच्या जोडणीच्या डबीपासून) प्रथम फोन आणि इंटरनेट वेगळे करणारा स्प्लिटर आणि मगच, स्प्लिटरच्या ‘फोन’ असे लिहिलेल्या बाजूला, रेकॉर्डर यावा. रेकॉर्डर स्प्लिटरच्या अलीकडे जोडला गेला तर ध्वनिमुद्रणात सतत सळसळ ऐकू येते आणि इंटरनेटही वारंवार तुटू लागते. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे हे पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही आणि लाइनमनला विनाकारण फेऱ्या माराव्या लागतात.

आता या सबंध कामातील सर्वांत महत्त्वाच्या मांडणीकडे येतो. फोन उचलला गेला आहे हे रेकॉर्डरला कसे कळते? रिसीव्हर ठेवलेला असताना एक्सचेंजकडून आलेल्या तांब्याच्या जोडीवर साधारणपणे ४८ व्होल्टचा एकदिश (डीसी) दाब असतो. रिसीव्हर उचलला की प्रवाह वाहू लागतो आणि फोनच्या टोकाशी तोच दाब उतरून ६ ते १२ व्होल्टच्या आसपास येतो. रेकॉर्डर सतत हा दाब मोजत असतो, आणि आपण ठरवून दिलेल्या सीमेच्या खाली तो गेला की मुद्रण सुरू करतो, पुन्हा वर चढला की थांबवतो. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक साधा आकडा भरायचा असतो आणि तो बहुधा आधीच भरलेला असतो. तो आधीच भरलेला आहे म्हणून त्याला कोणी हात लावत नाही, आणि बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजणारे उपकरण, हाती घ्यावा. एकदिश दाबाच्या २०० व्होल्टच्या मापावर तो ठेवून प्रत्येक लाइनवर रिसीव्हर ठेवलेला असताना एकदा आणि उचललेला असताना एकदा मोजमाप घ्यावे, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून यंत्राच्या खोक्यालाच चिकटवावेत. मोजताना उघड्या तारांना हात लावू नये, कारण त्याच क्षणी रिंग आली तर तारेवर ७५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक प्रत्यावर्ती (एसी) दाब येतो आणि त्याचा झटका चांगलाच बसतो. दोन आकड्यांच्या मधोमध, दोन्हींपासून पुरेशी दूर असलेली सीमा निवडावी. ठेवलेल्या स्थितीत ४९ आणि उचललेल्या स्थितीत ९ व्होल्ट मिळत असतील, तर २२ ते २५च्या दरम्यानची सीमा निर्धोक ठरते.

हीच सीमा ईपीएबीएक्सच्या आतल्या बाजूला मात्र घातक ठरू शकते. अनेक लहान ईपीएबीएक्स आपल्या टेबलांकडच्या तारांना ४८ऐवजी २४ व्होल्टच्या आसपासच दाब पुरवतात. अशा तारेवर सीमा २५ ठेवली तर रिसीव्हर जागेवर असूनही तो उचललेलाच आहे असे रेकॉर्डर समजतो, आणि संध्याकाळी पाहावे तर सबंध दिवसाची एकच अखंड फाइल तयार झालेली असते. तेथे सीमा १५च्या आसपास आणावी लागते. याच्याच जोडीला दुसरी, खालची सीमा असते. तार तुटली किंवा प्लग निघाला की दाब शून्यावर येतो. ‘२ किंवा ३ व्होल्टच्या खाली दाब गेल्यास लाइन तुटली असे समजावे’ अशी सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर ती अवश्य चालू करावी आणि त्या वेळी पडद्यावर इशारा येईल असेही पाहावे.

दाबाशिवाय आवाजावरून मुद्रण सुरू करण्याचा पर्यायही बहुतेक यंत्रांत असतो. रिसीव्हरच्या वायरीवर बसणाऱ्या उपकरणाला तोच वापरावा लागतो, पण जेथे दाब मोजता येतो तेथे आवाजावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राहक विचार करण्यासाठी काही क्षण थांबला की मुद्रण बंद पडते, पुन्हा बोलू लागला की पहिला शब्द हुकतो. ‘नको, विकू नका’ यातला ‘नको’ गळाला तरी अर्थ राहील, पण ‘शंभर’च्या आधीचा ‘पाच’ किंवा ‘दोन’ गळाला तर सबंध पुरावा निरर्थक होतो. शिवाय आवाजावर चालणाऱ्या यंत्राला कॉल संपला हे ओळखण्यासाठी व्यस्ततेचा सूर (बिझी टोन) ओळखावा लागतो, आणि त्या सुराची मांडणी पुष्कळदा दुसऱ्या देशाची असते. भारतात हा सूर ४०० हर्ट्झचा असून तो पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेतील सूर ४८० आणि ६२० हर्ट्झ या दोन कंपनांचा मिळून बनतो. यंत्र त्या सुराची वाट पाहत बसले तर येथे त्याला तो कधीच ऐकू येणार नाही.

दाबावर चालणाऱ्या मुद्रणातही वेळेच्या दोन लहान मांडण्या लक्ष देऊन कराव्या लागतात. कॉल दुसऱ्या टेबलाकडे पाठवण्यासाठी फ्लॅशचे बटन दाबले की सेकंदाच्या काही अंशापुरती लाइन सोडल्यासारखी होते. यंत्राने तेवढ्यानेच कॉल संपला असे मानले, तर एका संभाषणाच्या दोन फाइली होतात आणि मधले काही कापले आहे का, असा प्रश्न विचारणाऱ्याला विचारता येतो. म्हणून रिसीव्हर ठेवल्याचे यंत्राने निदान दीड सेकंद थांबून मगच मान्य करावे. उलट, उचलल्याचे मान्य करण्यातील विलंब शक्य तितका कमी असावा. तो अगदीच शून्य ठेवला तर रिंगच्या वरखाली होणाऱ्या दाबामुळे खोटी सुरुवात होऊ शकते, परंतु पाव सेकंदाहून अधिक ठेवला तर पहिले शब्द जातात.

येणाऱ्याचा क्रमांक दिसावा यासाठी काही एक्सचेंज पहिल्या रिंगच्या आधी बटनांच्या सुरांच्या रूपात तो पाठवतात, तर काही पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत कंपनबदलाच्या संदेशाने, म्हणजे एफएसके पद्धतीने, पाठवतात. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पर्याय असतात. आपल्या लाइनला कोणता लागू पडतो हे मोबाइलवरून कॉल करून पाहिल्याने लगेच कळते. दुसरी पद्धत असेल तर कर्मचाऱ्यांना एवढे सांगावे लागते की पहिल्याच रिंगला फोन उचलू नये, कारण तसे केल्यास क्रमांक येण्यापूर्वीच लाइन व्यापली जाते आणि फाइलच्या नावात क्रमांकाची जागा रिकामी राहते.

आवाजाच्या पातळीविषयी थोडे सांगतो. लाइनवर जोडलेल्या रेकॉर्डरला दोन्ही बाजूंचे बोलणे एकाच जोडीवर एकत्र मिळते. जवळच्या माणसाचा आवाज मोठा आणि दूरच्या ग्राहकाचा लहान, हे स्वाभाविकच आहे. पातळी ग्राहकाच्या आवाजाकडे पाहून ठरवावी, कारण सूचना त्याची असते. सॉफ्टवेअरमधला लाभांक (आवाज किती पट वाढवायचा तो आकडा) हळूहळू वाढवत न्यावा आणि जवळचा माणूस जोरात बोलला तरी त्याचा आवाज फाटणार नाही अशा जागी थांबावे. आपोआप पातळी सांभाळणारी सोय मी मंद ठेवतो, कारण ती जोरात ठेवली की प्रत्येक शांततेत लाइनची खरखर उसळून वर येते. ५० हर्ट्झची घुंई ऐकू येत असेल तर दोष बहुधा लाइनचा नसून संगणकाच्या वीजजोडणीचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. घुंई थांबली तर अर्थिंग नीट करून घ्यावे, किंवा लाइन आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये ६०० ओहमचा एकास एक अलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर असलेले यंत्र निवडावे. मात्र असा ट्रान्सफॉर्मर एकदिश दाब अडवतो, म्हणून दाबमापनाची तार त्याच्या आधीच्या बाजूला असलेलेच यंत्र घ्यावे.

फाइल कोणत्या स्वरूपात साठवावी याचे उत्तर दूरध्वनीच्या स्वभावातच आहे. लाइनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो, त्यामुळे आवाजाच्या सेकंदाला ८००० नमुन्यांहून (मोजमापांहून) अधिक घेऊन काहीही हाती लागत नाही. भारतातील एक्सचेंज ए-लॉ या आवाज आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीने सेकंदाला ६४ किलोबिट वापरतात आणि तेच स्वरूप मी निवडले. एका तासाच्या बोलण्याला २८.८ मेगाबाइट लागतात. दोन लाइनवर रोज चार-चार तास बोलणे झाले आणि वर्षात २५० दिवस बाजार चालला असे धरले, तर वर्षाला सुमारे ५८ गिगाबाइट आणि तीन वर्षांना सुमारे १७३ गिगाबाइट होतात. आजच्या डिस्कला हे काहीच नाही. जुन्या सवयीने जीएसएम या मोबाइलच्या पद्धतीचे १३ किलोबिटचे आकुंचन निवडले तर हा आकार जवळजवळ पाचपट कमी होतो, पण आवाजातले बारकावेही जातात, आणि ‘हा आवाज माझा नाही’ असे कोणी म्हटल्यावर नेमके तेच बारकावे लागतात. डिस्क भरल्यावर जुन्या फाइलींवर नव्या लिहिण्याची सोय कित्येक यंत्रांत आधीपासून चालू असते. ती बंद करून त्याऐवजी जागा कमी उरल्याचा इशारा चालू करावा.

संगणकाच्या बाजूने चार गोष्टी पाहाव्या लागतात. संगणक झोपी जाऊ नये, यूएसबीची वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करणारी सोय बंद असावी, रेकॉर्डर हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावावा, आणि विंडोज रात्री अद्ययावत होऊन पुन्हा सुरू झाले तरी कोणी लॉगिन न करताही सॉफ्टवेअर आपोआप चालू व्हावे. विंडोज १०पासून पुढे मायक्रोफोन वापरण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. काही रेकॉर्डर स्वतःला ध्वनिकार्ड म्हणून सादर करतात, आणि ही परवानगी नसेल तर सर्व काही सुरळीत दिसत असतानाही फाइलींमध्ये निव्वळ शांतता भरली जाते.

घड्याळाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. शेअर बाजारातील सौद्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. ध्वनिमुद्रणात सूचना १० वाजून १४ मिनिटांनी आणि सौदा १० वाजून ११ मिनिटांनी दिसला, तर सूचनेआधीच सौदा केला असा आरोप होण्यास तेवढे पुरेसे असते. विंडोज स्वतःहून घड्याळ बऱ्याच वेळाने जुळवते आणि तेवढ्यात स्वस्त मदरबोर्डचे घड्याळ बरेच सरकू शकते. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते आणि तिचा वेळ-सर्व्हर इंटरनेटवर उपलब्ध आहे. त्याच्याशी दर तासाला घड्याळ जुळवण्याची व्यवस्था मी केली. कालक्षेत्राच्या यादीत ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हेच निवडलेले आहे ना, आणि फाइलच्या नावात येणारी वेळ स्थानिक आहे की साडेपाच तास मागची, हेही एकदा पाहावे. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, वेळ, लाइनचा क्रमांक आणि शेवटी ग्राहकाचा क्रमांक असा क्रम ठेवला की यादी आपोआप कालक्रमाने लागते.

कायद्याच्या दृष्टीने फोनवरच्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वीच उभा राहिला होता. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबईतील एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या फोनला ध्वनिमुद्रक जोडून संभाषण टिपले गेले होते, आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. संभाषणातील एका पक्षाने स्वतःचे संभाषण टिपणे आणि तिऱ्हाइताने दोघांचे चोरून ऐकणे यांत फरक आहे, तो विसरू नये. असे असले तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि समोरच्याला न सांगता मुद्रण करणे मला स्वतःला पटत नाही. लाइनवर समांतर जोडलेला साधा रेकॉर्डर केवळ ऐकतो, काही ऐकवू शकत नाही. त्यामुळे ‘आपले संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे’ हे वाक्य ईपीएबीएक्सच्या स्वागत-संदेशात टाकले. सांगलीच्या कार्यालयाला सीमेपलीकडच्या, कर्नाटकातील अथणी, कागवाड भागातूनही फोन येतात, म्हणून तेच कन्नडमध्येही टाकले. ज्या फोनवर मुद्रण होत नाही असा एक साधा फोन कर्मचाऱ्यांच्या घरगुती बोलण्यासाठी वेगळा ठेवावा, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

हे मुद्रण न्यायालयात किंवा लवादापुढे सादर करण्याची वेळ आली, तर केवळ फाइल पुरत नाही. जालना येथील निवडणुकीच्या वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र देणे अनिवार्य असल्याचे सांगितले. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये हीच तरतूद असून तिच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, लिहावे लागते. फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी हे मूल्य पूर्णपणे बदलते. ते वाद उद्भवल्यावर काढण्यापेक्षा रोज संध्याकाळी काढलेले बरे. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल या आज्ञेने दिवसभराच्या सर्व फाइलींची एसएचए-२५६ पद्धतीची हॅश मूल्ये एका यादीत लिहिणारी छोटी बॅच फाइल मी ठेवून दिली आहे, आणि ती यादी कार्यालयाच्या प्रमुखांना रोज ईमेलने जाते. मूळ फाइल उघडून तिच्यातील खरखर काढणे, सुरुवातीची शांतता कापणे, नाव बदलणे यांपैकी काहीही करू नये. जे करायचे ते प्रतीवर करावे. मुद्रणाच्या फोल्डरवर कर्मचाऱ्यांना ऐकण्याची परवानगी आहे, पुसण्याची नाही.

कॉपरवरून फायबरवर जाणाऱ्या लाइनविषयी एक सूचना, कारण सांगली-मिरजेतच नव्हे तर सगळीकडेच हा बदल होत आहे. पूर्वी फोनला लागणारी वीज एक्सचेंजमधूनच तांब्यावरून येत असे, त्यामुळे गावातली वीज गेली तरी फोन चालत असे. आता फोनची तार कार्यालयातल्याच ओएनटीच्या, म्हणजे फायबर जेथे येऊन संपते त्या, पेटीतून निघते. म्हणून वीज गेल्यावरही सूचना घेणे सुरू ठेवायचे असेल, तर ओएनटी, ईपीएबीएक्स आणि रेकॉर्डरचा संगणक ही तिन्ही एकाच यूपीएसवर हवीत. ओएनटीचा दाब एक्सचेंजच्या दाबाइतकाच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि येणाऱ्याचा क्रमांक पाठवण्याची पद्धतही बदलू शकते. त्यामुळे लाइन बदलली त्याच दिवशी, पहिला ग्राहक फोन करण्यापूर्वी, मल्टिमीटरने दोन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत, सीमेचा आकडा नव्याने भरावा, मोबाइलवरून एक येणारा आणि एक जाणारा कॉल करून दोन्ही फाइली शेवटपर्यंत ऐकाव्यात, आणि खोक्याला चिकटवलेल्या कागदावर जुन्या आकड्यांखाली नवे आकडे तारखेसह लिहावेत.